डाव्या बाजूची घंटी

५ जानेवारी

प्रिय मेहुणेसाहेब,

अनेक आशीर्वाद. तू विचारलंस ते फोनवरच सांगून टाकलं असतं. पण फोनवर तू "हं, हं" म्हणतोस आणि मागे कागद उलटल्याचा आवाज येतो. माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणून पत्र लिहितो. आता कागद उलटशील तर निदान माझाच उलटशील.

कालव्याकाठच्या वाटेची "खरी परिस्थिती" कळवा म्हणालास. परिस्थिती अशी, की वाट आठ पावलं रुंद. तू आमच्या दुकानाच्या माळ्यावर राहून इंजिनिअर होत होतास तेव्हा होती तेवढीच. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कारखान्याची भिंत. पहाट झाली की चालणारे आणि सायकलवाले तिच्यावर सासू-सुनेसारखे एकत्र नांदतात. कुरकुर दोघांचीही, पण चूल एक.

आणि चूल एक राहिली ती आपल्या नियमामुळे. सायकलवाल्याने दहा पावलं मागून एकदाच घंटी द्यायची. चालणाऱ्याने मागे वळायचं नाही, कारण माणूस वळला की सरकतो आणि सरकला की नेमका चाकात येतो. त्याने फक्त एक हात वर करायचा. याचा अर्थ, ऐकू आलं, जा. हात दिसेपर्यंत सायकलवाल्याने पुढे काढायची नाही. हा कायदा कुठल्या कार्यालयात झाला नाही, माझ्या दुकानाच्या पायरीवर झाला. बारा वर्षांपूर्वी मास्तर आणि पाववाला यांची टक्कर झाली. पाव कालव्यात, आणि पावांच्या मागोमाग मास्तरांचा चष्मा. दोघांनी पायरीवर अर्धा तास एकमेकांचं खानदान काढलं, मग मी मध्ये पडलो. आता बाहेरगावचा पाहुणासुद्धा दोन दिवसांत हात वर करायला शिकतो.

माझ्या बाजूने एकच पथ्य. माझ्या हातून गेलेली सायकल आवाज करत नाही, हे तुला माहीत आहे. आवाज म्हणजे दुखणं. चाक नुसतं फिरवून बेअरिंगमधला कुठला छर्रा फुटलाय ते मी डोळे मिटून सांगतो. पण मांजरासारखी चालणारी सायकल चालणाऱ्याच्या जिवाला घोर. म्हणून घंटी लावल्याशिवाय सायकल दुकानाची पायरी उतरत नाही. राजाची असली तरी.

तुमच्या रस्तेखात्यात या वाटेबद्दल काय शिजतंय ते कळव. तुझी ताई बरी आहे. रोज सकाळी वाटेच्या दोन्ही टोकांचे पूल गाठून येते आणि आल्यावर माझ्या पोटाकडे बघते.

तुझा,
दाजी

१४ जानेवारी

ती. दाजींस,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचून माळ्यावरचे दिवस आठवले. खालून ग्रीसचा वास यायचा आणि ताई जिन्यातून ओरडायची, "बारक्या, पुस्तक उघडं ठेवून झोपलास तर पुस्तकच पास होईल!"

तुम्हाला म्हणून सांगतो. शहरातल्या अशा सगळ्या वाटांचा आढावा चालू आहे आणि तुमचा भाग माझ्याकडे आलाय. दोन मतं आहेत. एक, आहे तसं चालू द्यावं. दुसरं, वाट फक्त चालणाऱ्यांना ठेवून सायकली मोठ्या रस्त्यावर काढाव्यात. अजून काही ठरलेलं नाही. घंटीचा नियम मला ठाऊक आहे, पण वरच्यांना हात वर करण्याच्या गोष्टी सांगितल्या तर ते हसतील. त्यांना प्रत्यक्ष घडलेलं लागतं. कुणी पडलं, कुणाला लागलं, असं काही असेल तर मोकळेपणाने लिहा. आपल्या दोघांतच राहील.

मोठे साहेब मार्चअखेर निवृत्त होतायत. माझं नाव चर्चेत आहे म्हणे. ताईला इतक्यात सांगू नका, ती शेजारपाजारी सांगत सुटेल.

आपला,
बारक्या

२ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेसाहेब,

मोकळेपणाने लिहा म्हणालास, तर लिहितो. पण वाचून हे पत्र फाड.

गेल्या मंगळवारी तुझी ताई वाटेवर पडली. घाबरू नकोस. तळहात सोलवटले, गुडघा सुजला, बाकी हाडं मजबूत आहेत, तुमच्या घराण्याचीच. घरी आली आणि माझ्या खणातली पट्टी काढून आपली आपणच बांधत बसली. मी विचारलं, "कोण होता?"

"सायकलवाला. गेला निघून."

"घंटी नाही दिली?"

पट्टीची गाठ आवळली. मग म्हणाली, "दिली असेल हो. मलाच ऐकू आली नाही."

एवढंच म्हणाली, पण माझ्या डोक्यात चाक फिरायला लागलं. गेले काही महिने रेडिओ मोठा असतो. दुकानातून पाच हाका माराव्यात तेव्हा एकीला ओ येते. जेवताना मी तिच्या डाव्या हाताला बसतो, आणि माझ्या निम्म्या बोलण्याला उत्तरच नसतं. मेहुण्या, तुझ्या ताईचा डावा कान गेलाय. नुसतं चाक फिरवून छर्रा ओळखणारा माणूस मी, तीस वर्षं संसार केलेल्या बायकोच्या बाबतीत कसा चुकेन?

मला कळलंय हे तिला माहीत नाही आणि कळूही द्यायचं नाही. ती मानी आहे. कान गेला म्हटलं तर मी तिचं चालणं बंद करीन, ही तिची भीती असणार. म्हणून मी युक्ती केली. पोटाचं निमित्त करून आता रोज तिच्यासोबत निघतो, तिच्या डाव्या अंगाला चालतो, आणि मागून घंटी आली की तिच्या आधी हात वर करतो. काल म्हणाली, "तुम्ही कशाला हात वर करता? मी काय मेलेय?" बघ, किती अभिमान!

बाकी बारा वर्षांत एवढी एकच पडझड. त्यावरून तुमच्या वरच्यांनी काय ते समजावं. नियम चांगला आहे. कान गेला तर नियम काय करील?

कुणाला बोलू नकोस. तुझ्या बायकोलाही नाही.

तुझा,
दाजी

८ फेब्रुवारी

ती. दाजींस,

सा. न. वाचून फार वाईट वाटलं. ताईला एकटं सोडू नका. चांगल्या कानाच्या डॉक्टरकडे एकदा दाखवा.

मंगळवार म्हणजे २८ जानेवारीच ना? डावाच कान ना? ताईला छप्पन्न पूर्ण झाली की चालू आहे? सहज विचारतोय. घाईत आहे, सविस्तर नंतर लिहितो.

आपला,
बारक्या

२४ मार्च

मेहुणेसाहेब,

काल शाळेच्या सभागृहात तुमच्या खात्याची सुनावणी झाली. तू आला नव्हतास. का आला नव्हतास ते आता कळतंय.

तुझ्या कचेरीतल्या एक बाई आल्या होत्या. भल्या बाई. घसा बसलेला, पाणी पीत पीत अहवाल वाचत होत्या. मी आणि तुझी ताई तिसऱ्या ओळीत. मास्तर, पाववाला, दवाखान्यातली नर्स, चष्मेवाला, सगळी वाट तिथे बसलेली. मी तर खिशात भाषण घेऊन गेलो होतो, नियमावरचं. बाईंनी चौथं पान उलटलं आणि वाचलं, "सदर मार्गावरील सायकल दुरुस्ती दुकानाच्या मालकाच्या पत्नी, वय छप्पन्न, यांना डाव्या कानाचे बहिरेपण असून, दि. २८ जानेवारी रोजी घंटी ऐकू न आल्याने त्यांना इजा झाली. पतीच्या लेखी कथनानुसार सदर महिला ही बाब कुटुंबापासून लपवत आहेत. यावरून घंटीवर आधारित प्रचलित पद्धत दुर्बल पादचाऱ्यांसाठी धोकादायक असल्याचे सिद्ध होते."

त्या मार्गावर सायकल दुरुस्तीची दुकानं किती आहेत, तूच सांग. एक.

मला खुर्च्यांचा आवाज ऐकू आला. दीडशे माणसं एकदम वळली की लाकूड कसं करकरतं ते मी जन्मभर विसरणार नाही. तुझी ताई समोर बघत होती. मी हळूच म्हटलं, "ऐक ना..." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. भाषण खिशातच राहिलं.

पत्र फाड म्हणून सांगितलं होतं, मेहुण्या. तू ते फाडलंस खरं, पण तुकडे जपून ठेवलेस.

आणखी एक. परत येताना ती वीस पावलं पुढे चालत होती, मी मागे. नर्स मागून सायकलवर आली. रडवेली झाली होती बिचारी, तिने घंटी दिली ती अगदी चोरून, पाण्याच्या बाजूने, म्हणजे डावीकडून. मला जेमतेम ऐकू आली. आणि पुढे तुझ्या ताईचा हात वर गेला. लगेच.

मी जागच्या जागी उभा राहिलो.

दाजी

३० मार्च

ती. दाजींस,

सा. न. तुमचा राग मी समजू शकतो. पण शांतपणे विचार करा. मी कुणाचंही नाव घातलेलं नाही. अहवाल गोपनीय असतो, तो असा जाहीर वाचतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाई नवीन आहेत.

आणि केलं ते कुणासाठी केलं? उद्या ताई पुन्हा पडली, कालव्यात पडली, तर? तुम्ही रोज हात वर करायला पुरणार आहात? वरच्यांना आकडे दाखवले की ते जांभया देतात, एक माणूस दाखवला की जागे होतात. माझ्यासमोर खरा माणूस होता. ताईनेच मला त्या वाटेवर सायकल शिकवली, त्या वाटेचं वाईट मी करीन का? मोठ्या साहेबांनी त्या परिच्छेदावर लाल पेन्सिलीने "उत्तम" लिहिलंय. निर्णय लवकरच होईल, ताई निर्धास्त चालेल.

तिने हात वर केला म्हणता, तो योगायोग असेल. सवयीने होतं असं.

ताई फोन घेत नाही. तिला समजावा.

आपला,
बारक्या

९ एप्रिल

मेहुणेसाहेब,

योगायोग नव्हता.

सुनावणीनंतर चार दिवस तुझी ताई बोलली नाही. पाचव्या दिवशी चहा ठेवला आणि त्याच्या शेजारी एक घंटी ठेवली. नवी, पुडक्यातली. पुडक्यावर चिठ्ठी, अक्षर माझं, "चष्मेवाले".

आता तुला ते सांगतो जे पहिल्या पत्रात सांगितलं नव्हतं. राजाची सायकलही घंटीशिवाय पायरी उतरत नाही, अशी फुशारकी मारली. डिसेंबरात चष्मेवाला त्याची नवी परदेशी सायकल घेऊन आला. चेन, फ्रीव्हील, सगळं मी असं करून दिलं की वारा वाजेल पण ती वाजणार नाही. घंटी लावायला गेलो तर म्हणाला, "काका, हँडलची शोभा जाते हो, पुढच्या खेपेला लावू." लोकांना नजर विकणारा माणूस, त्याला शोभा दिसली. आणि मलाही इतकी देखणी सायकल माझ्या दारातून जाते याचं अप्रूप. सोडली. घंटी खणात टाकली.

तुझ्या ताईला पाडलं ते त्याने. ती खाली पडली तेव्हा हँडल डोळ्यांसमोर होतं. त्यावर घंटी नव्हती, आणि दांड्यावर आपल्या दुकानाच्या नावाची पिवळी चिकटपट्टी होती. घरी येऊन पट्टी बांधायला खण उघडला तर ही चिठ्ठी. मी विचारलं, "घंटी नाही दिली?" आणि ती म्हणाली, "दिली असेल हो." मला तोंडघशी पाडायचं नव्हतं तिला. "बारा वर्षं त्या नियमाच्या जिवावर मिशी पिळताय," म्हणाली, "म्हटलं, माझ्या गुडघ्यापायी कशाला मोडायचा."

मी म्हटलं, "आणि रेडिओ?"

"तुम्ही खाली हातोडा मारता म्हणून."

"आणि पाच हाका?"

"चार तर पेन्सिलीसाठी असतात. ती तुमच्या कानामागेच असते."

"आणि जेवताना?"

"तेव्हा ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. म्हणून तर उत्तर देत नाही."

एरवी मी हसलो असतो. तीही हसली असती. कुणीच हसलं नाही. मग तिने विचारलं, "मला विचारायचं सोडून त्याला लिहिलंत?" खरं आहे. चाकाला लावतो तसा मी तिला नुसता कान लावला, विचारायला तोंड उघडलं नाही.

काल वाटेच्या दोन्ही टोकांना पाट्या लागल्या. सायकलींना बंदी, पुढच्या महिन्याच्या एकपासून. नर्सला आता ट्रकच्या रस्त्याने जावं लागेल. अजून तीन आठवडे हातात आहेत. मेहुण्या, माझी एकच मागणी. एक ओळ लिही, की अहवालातलं कथन चुकीचं होतं, बाईला दोन्ही कानांनी ऐकू येतं, आणि चूक घंटीच्या नियमाची नव्हती, तर तो मोडणाऱ्या दुकानदाराची. माझी सही सोबत जोडली आहे. माझं नाव घाल, दुकानाचं घाल, वाटलं तर फोटो लाव. मला लाज वाटायची ती वाटून झाली.

एक ओळ.

दाजी

२७ एप्रिल

विषय : कालवा मार्गाबाबतचे निवेदन
संदर्भ : आपले दि. ९ एप्रिलचे पत्र

महोदय,

उपरोक्त संदर्भीय पत्र या कार्यालयास प्राप्त झाले. सदर प्रकरणी सक्षम प्राधिकाऱ्यांची मान्यता झालेली असल्याने आपल्या विनंतीचा या टप्प्यावर विचार करणे शक्य नाही. माहितीस्तव.

प्र. अधीक्षक अभियंता

(खाली पेनने :) दाजी, समजून घ्या. आत्ता चूक कबूल केली तर सगळंच जाईल. बढतीची ऑर्डर परवाच हातात आलीय.

६ मे

बारक्या,

उत्तर तुझे दाजी लिहिणार होते. पेन घेऊन बसले, चष्मा पुसला, तारीख घातली, मग उठून एका वाकड्या चाकाचा आउट काढत बसले. त्यांना तू "महोदय" लिहिलंस ते लागलंय. ज्यांच्या माळ्यावर सहा वर्षं राहिलास, त्यांना महोदय. म्हणून मी लिहिते.

आधी बातमी. वाट आता निर्धास्त आहे, तू म्हणाला होतास तशी. सकाळी मी, मास्तर आणि कावळे. पाववाला ट्रकच्या रस्त्याने जातो, त्याचे पाव आता आठला येतात. नर्स सहाच्या पाळीला निघते तेव्हा मी खिडकीत उभी राहते आणि ट्रकचा हॉर्न वाजला की बाहेर वाकून बघते. ती माझ्याकडे बघत नाही. का बघावं? तिच्या लेखी वाट माझ्या कानामुळे गेली. दुकानात आता दिवसाला दोन सायकली येतात, त्याही टायर फुटलेल्या.

आणि लोक माझ्याशी ओरडून बोलतात. भाजीवाली हातवारे करते. मास्तर ओठ हलवून एकेक अक्षर सुटं करतात, माशासारखे. चष्मेवाला तर परवा दारात आला, मला त्यानेच पाडलं हे त्यालाही माहीत आहे. कानाच्या यंत्रांवर सवलत देतो म्हणाला. यांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. मला ऐकू येतं असं मी सांगत फिरले होते पहिले आठ दिवस. मग मास्तरांच्या मिसेस मला थोपटून म्हणाल्या, "असू दे हो, होतं वयोमानाने. लपवू नये." कागदावर आलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकणार?

दाजींचं आणि माझं भांडण वेगळं आहे. ते आम्ही दोघं इथे भांडतो आहोत, त्यात तू पडू नकोस. ते चुकले. पण त्यांनी लिहिलं ते तुला लिहिलं, बायकोच्या भावाला, काळजीने. तू तेच उतरवून साहेबाला लिहिलंस. मला विचारायला एक फोन पुरला असता. "ताई, तुला ऐकू येत नाही का गं?" एवढंच. मी म्हटलं असतं, "काय?" आणि आपण दोघं हसलो असतो.

तू अहवाल केलास ती एक गोष्ट. चूक होते माणसाकडून. पण खरं काय ते कळल्यावर, सही हातात असताना, एक ओळ लिहिली नाहीस. तुझी बढती मी शेजारपाजारी सांगितली नाही, काळजी करू नकोस.

ताईने सायकल शिकवली असं तू दाजींना लिहिलंस. ते पत्र मी वाचलं. काय शिकवलं ते आठवतं का? मी सीट धरून मागे पळायचे. तू दर चार पावलांना विचारायचास, "ताई, धरलंयस ना?" मी म्हणायचे, "धरलंय." सगळे तेव्हा गुपचूप सोडून देतात, त्याशिवाय पोर शिकत नाही म्हणतात. मी नाही सोडलं. सोडायच्या दिवशी आधी सांगितलं, "बारक्या, आता सोडते." तू रडलास, दोनदा पडलास, पण सांगूनच सोडलं.

या पत्रासोबत पुडकं आहे. चष्मेवाल्याची घंटी. आता इथे तिचा उपयोग नाही. यांनी तिला तेल घालून दिलंय, तुला द्यायचीय हे माहीत असूनही. नव्या टेबलावर ठेव. कधी इकडे यावंसं वाटलं तर दाराची कडी वाजवू नकोस. कालव्याच्या बाजूने ये, दहा पावलांवर थांब, आणि ही एकदा वाजव.

मला ऐकू येईल. हात वर करायचा की नाही, ते मी ठरवीन.

ताई